वृद्धांची पडझड आणि पायांतील बळ

घरातील वृद्ध माणूस पडले की समाचाराला येणारा प्रत्येक जण प्रथम एकच प्रश्न विचारतो : ‘कोठे पडले?’ आणि त्याची उत्तरेही ठरलेली असतात. मोरीत घसरले, उंबऱ्याला अडखळले, रात्री दिवा न लावता उठले, अंगणातील शेवाळावरून पाय सटकला. फरशी, उंबरा, शेवाळ आणि काळोख यांच्या माथी दोष मारला जातो आणि चौकशी तेथेच संपते. वास्तविक त्याच मोरीत घरातील इतर पाच माणसे रोज वावरतात, त्याच ओल्या फरशीवरून नातवंडे पळतात. त्यांचाही पाय अधूनमधून घसरतो. पण ती सावरतात. वृद्ध माणसाला सावरता येत नाही. तेव्हा ‘कोठे पडले’ यापेक्षा ‘सावरता का आले नाही’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा फरशीत न सापडता पडलेल्या माणसाच्या मांड्यांत आणि पोटऱ्यांत सापडते.

हा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रम लागतो, आणि त्यात साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. पासष्टीपुढील दर तीन माणसांपैकी सुमारे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. भारतात २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. महाराष्ट्रात तर दर दहा माणसांत जवळजवळ एक जण साठी ओलांडलेला होता. हे प्रमाण तेव्हापासून वाढतच आले आहे. आयुष्य वाढले ही आनंदाची गोष्ट होय. परंतु वाढलेली वर्षे उभ्याने जाणार की अंथरुणावर, याचा विचार मात्र त्या मानाने फार थोडा झाला.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, खानापूर या दुष्काळी तालुक्यांतून कर्ती पिढी कित्येक दशके बाहेर जात आली आहे. साताऱ्याची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि लष्करात गेली. विटे-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी भारतभर पांगली. आताची शिकलेली मुले पुण्याला आणि त्याही पलीकडे जातात. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला. ती काठी आज दोनशे मैलांवर आहे आणि तिला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. गावातील घरात मात्र दोन वृद्ध माणसे, किंवा त्यांपैकी एकच, मागे राहते. अशा घरात कोणी पडले तर त्याला उचलायला शेजारी येईपर्यंत काही तास जमिनीवर पडून राहण्याची वेळ येते.

मोडलेले हाड आणि खचलेले पाय

प्रत्येक वेळी पडण्याने हाड मोडतेच असे नाही. पण खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांची चौकशी केली, तर दहांतील नऊ जणांचे हाड पडण्यामुळेच मोडलेले असते. या अस्थिभंगाची वैद्यकशास्त्राला धास्ती वाटते ती उगीच नव्हे. जगभरचा अनुभव असा की, असा अस्थिभंग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांत एक जण वर्षाच्या आत दगावतो आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. स्त्रियांची हाडे पाळी गेल्यानंतर झपाट्याने ठिसूळ होत असल्यामुळे हा धोका त्यांना अधिक असतो.

या भागाला वैद्यकीय सोयींची वाण नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून ते गाव दक्षिण महाराष्ट्राचे आणि उत्तर कर्नाटकाचेही औषधोपचाराचे ठिकाण बनले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले; कराडला आणि अलीकडे साताऱ्यालाही वैद्यकीय महाविद्यालये झाली. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आज मुंबई गाठावी लागत नाही. तथापि शस्त्रक्रिया हाड सांधते, पायात बळ घालीत नाही. ज्या दुबळेपणामुळे माणूस पडला तो दुबळेपणा शस्त्रक्रियेनंतरच्या अंथरुणावरील दिवसांत वाढतोच, आणि घरी परतलेला रुग्ण पुन्हा पडण्यास आधीपेक्षा अधिक पात्र झालेला असतो.

हा दुबळेपणा येतो कसा? तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाच्या स्नायूंचे वस्तुमान साधारणतः ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर याहूनही वेगाने कमी होते. १९८९ मध्ये अमेरिकेतील डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी या ऱ्हासाला ग्रीक भाषेतील ‘मांस’ आणि ‘उणीव’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. एक संथपणे पण दीर्घकाळ काम करणारे आणि दुसरे चपळ, क्षणात जोर लावणारे. वय वाढते तसे चपळ तंतू अधिक आक्रसतात. म्हणूनच सत्तरीतील माणूस सपाट रस्त्यावर मैलभर चालू शकतो, पण पाय घसरल्यावर निमिषात दुसरे पाऊल टाकून त्यावर देहाचा भार तोलणे त्याला जमत नाही. चालता येते म्हणजे पाय शाबूत आहेत, ही समजूत येथेच फसवी ठरते. पायांची खरी परीक्षा चालण्यात नसून उठण्यात, पायरी चढण्यात आणि तोल गेल्यावर सावरण्यात असते.

पडण्याला इतरही कारणे असतात हे येथे नमूद केले पाहिजे. मोतीबिंदू, रक्तदाबाच्या गोळ्या, उठल्याबरोबर येणारी अंधेरी, झोपेचे औषध, झिजलेली चप्पल, रात्री लघवीसाठी करावी लागणारी धावपळ ही सारी खरी कारणे आहेत. मोरीत धरायला दांडी बसवणे आणि वाटेवर दिवा लावणे या गोष्टी आजच्या आज करण्याजोग्या आहेत. परंतु घरातील सारे उंबरे काढून टाकले तरी जगातील उंबरे राहतातच. अडखळल्यावर उपयोगी पडतील ते अखेर स्वतःचेच पाय.

मान राखण्याची घातक रीत

मराठी घरात वडीलधाऱ्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांना बसवायचे. ‘आजी, तुम्ही उठू नका, पाणी मी आणून देते.’ ‘नाना, ती पिशवी इकडे द्या.’ ‘हे काय आता तुमचं वय आहे का?’ या वाक्यांत खोटेपणा काहीच नाही. त्यांत खरी माया असते. नातेवाईकही कौतुक करतात की, सुनेने सासूला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. पण ज्या मायेने ती काडी उचलू दिली नाही, त्याच मायेने हळूहळू उठण्याची शक्तीही काढून घेतलेली असते. स्नायूंचा नियम निष्ठुर आहे : वापर थांबला की ते राहत नाहीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस कमी झाले. ती माणसे आजारी नव्हती. आपल्याकडे साध्या तापानंतर वृद्ध माणसाला पंधरा दिवस ‘आराम’ सक्तीने करावयास लावला जातो, तेव्हा त्याच्या मांड्यांचे काय होत असेल हे यावरून ताडता येईल.

यातून एक दुष्टचक्र सुरू होते. एकदा पडलेला माणूस भितो. भितो म्हणून कमी उठतो. कमी उठतो म्हणून पाय अधिक दुबळे होतात. पाय दुबळे म्हणून पुन्हा पडतो. घरचे म्हणतात, ‘तरी सांगत होतो, उठू नका.’ वस्तुतः त्या सांगण्यानेच हे दिवस जवळ आणलेले असतात.

पूर्वीच्या राहणीत ही अडचण निराळ्या रीतीने सुटलेली होती. जेवण जमिनीवर, निजणे जमिनीवर, चूल जमिनीवर, जाते जमिनीवर, शौचास उकिडवे बसणे. दिवसाकाठी पन्नास वेळा तरी खाली बसून उठावे लागे. व्यायाम म्हणून कोणी ते करीत नसे. त्या राहणीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्या कामांनी बायकांच्या पाठी वाकल्या, गुडघे झिजले, आणि नळ, गॅस, ओटा या सोयींनी त्यांची जी सुटका झाली ती न्याय्यच होती. कामाचे ओझे उतरले. परंतु त्याच्याबरोबर रोजची उठबसही उतरली, आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरली गेली नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१२ मध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या सुमारे दोन हजार माणसांची एक पाहणी प्रसिद्ध केली. जमिनीवर बसून पुन्हा उठताना हाताचा, गुडघ्याचा किती आधार लागतो हे त्यांनी पाहिले. ज्यांना अधिक आधार लागत होता त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण ठळकपणे जास्त आढळले. उठता न येणे हे मरणाचे कारण आहे असा याचा अर्थ नव्हे. शरीराची शिल्लक किती राहिली आहे याची ती एक खूण आहे. ही खूण मराठी घरात पाटावरून उठताना रोज दिसत होती. पाट गेला आणि खूण दिसेनाशी झाली.

अर्थात हे सारे ज्यांना बसणे परवडते त्यांच्याविषयी झाले. सत्तरीतही भांगलणीला जाणारी बाई किंवा उसाच्या फडात राबणारा म्हातारा यांना ‘उठा, हालचाल करा’ असे सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. त्यांच्या पायांना कामाची वाण नाही. त्यांना पोटभर सकस अन्न आणि विश्रांती यांची वाण आहे. पण शिक्षक, लिपिक, निवृत्त सैनिक, व्यापारी आणि बागायतदार या वर्गांतील वृद्धांचे दुखणे वेगळे आहे. तीस वर्षे कार्यालयातील खुर्चीवर बसलेला लिपिक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो तो घरातील खुर्चीवर बसण्यासाठी. फळ्यापुढे उभे राहण्यात आयुष्य गेलेला शिक्षकही निवृत्त झाला की वर्तमानपत्र आणि दूरदर्शन संच यांच्यापुढे बसतो. पायांचा ऱ्हास त्या दिवसापासून वेग घेतो.

गेलेले बळ परत येते

‘आता या वयात काय होणार?’ हा प्रश्न वृद्धांच्या तोंडी असतो आणि त्याहून अधिक त्यांच्या मुलांच्या मनात असतो. त्याचे उत्तर विज्ञानाने कधीच दिलेले आहे. १९९० मध्ये बोस्टन येथील डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले. व्यायाम थांबवल्यावर मात्र चारच आठवड्यांत त्यांनी जवळजवळ एक तृतीयांश ताकद गमावली. बळ नव्वदीतही येते आणि न जपल्यास महिन्यात जाऊही लागते, असे दोन्ही धडे या एका प्रयोगात आहेत.

पुढे न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने वृद्धांसाठी घरच्या घरी करण्याच्या व्यायामांचा एक क्रम बसवला. घोट्याला लहान वजन बांधून पाय उचलणे, टाचा उचलणे, तोल साधत चालणे एवढेच त्यात होते. त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. २०१९ मध्ये जगभरच्या शंभरावर चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा योग्य व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते असे दिसून आले. त्यात लाभ दिसला तो तोल साधणाऱ्या आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामांचा. नुसत्या चालण्याने पडणे टळते असे सिद्ध झाले नाही. सकाळी सपाट रस्त्यावर फेरी मारून आल्यावर कर्तव्य संपले असे मानणाऱ्या सर्वांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. साताऱ्यात अजिंक्यतारा चढून उतरणाऱ्या मंडळींची गोष्ट निराळी. चढणीवर मांडीला जे काम पडते ते सपाटीवर पडत नाही.

औंधचा धडा आणि तालमीची बैठक

सातारा-सांगलीला हे सारे परदेशातून शिकावे लागावे, हा दैवदुर्विलास आहे. ज्या औंध संस्थानाची राजधानी आज सातारा जिल्ह्यात आणि ज्याची आटपाडी व कुंडल ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत, त्या संस्थानात बळाची उपासना हा राज्यकारभाराचा भाग होता. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत. संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. बायकांनी नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह त्या काळात धीटपणाचा होता. वयाच्या ८३ व्या वर्षी, १९५१ मध्ये, ते निवर्तले. त्याच औंधात अनेक वर्षे राहून वेदांचे प्रकाशन करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीही आसने आणि सूर्यनमस्कार यांचा पुरस्कार केला. त्यांनी वयाची शंभरी पाहिली. दोन माणसांच्या दीर्घायुष्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही आणि मांडूही नये. घेण्यासारखी गोष्ट ही की, प्रजेच्या अंगातील बळ ही आपल्या काळजीची बाब आहे असे एका लहानशा संस्थानाच्या अधिपतीला वाटले आणि त्याने त्यासाठी शाळेची वेळ मोडली. शाळेतील ती सक्ती अर्थातच मुलांपुरती होती. वृद्धांसाठी असे काही कोणी केले नाही. तेव्हा वृद्ध आजच्याइतके नव्हतेही.

दुसरी परंपरा तालमीची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे भारताला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवून दिले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे दोघेही हिंदकेसरी झाले आणि १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत दोघांनीही सुवर्णपदके जिंकली. कुंडलच्या मैदानातील कुस्त्या पाहायला आजही पंचक्रोशी लोटते. या सर्व मल्लांच्या बळाचा पाया कोणता? जोर आणि बैठका. मांडी कशी तयार होते हे या मुलखातील लहान पोरालाही ठाऊक आहे. मात्र बैठक ही पैलवानाने मारायची आणि उठाबशा या गृहपाठ न आणणाऱ्या विद्यार्थ्याने काढायच्या, अशी वाटणी समाजाने करून टाकली. जी गोष्ट एकाला तयारी म्हणून आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून दिली गेली, तिची सर्वांत मोठी गरज तिसऱ्यालाच होती. तो ओसरीवर बसून राहिला.

वृद्धाने पैलवानासारख्या खोल बैठका माराव्यात असे येथे कोणी सुचवणार नाही. झिजलेल्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. त्याची बैठक खुर्चीवरची. सुमारे सतरा इंच उंचीची, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीशी घडी घालून घ्यावेत, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. जवळ कोणी तरी उभे असावे. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य खात्याच्या कोष्टकानुसार ६५ ते ६९ या वयात पुरुषाचे १२ पेक्षा आणि स्त्रीचे ११ पेक्षा कमी वेळा उठणे झाले, किंवा ७५ ते ७९ या वयात अनुक्रमे ११ व १० पेक्षा कमी झाले, तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. आपल्याकडील माणसांच्या देहयष्टीत फरक असल्याने आकडे थोडे इकडे-तिकडे होतील. पण ज्याला हात टेकल्यावाचून एकदाही उठता येत नाही, त्याच्या घरच्यांना इशारा मिळण्यासाठी कोष्टकाची गरज नाही.

जी परीक्षा, तोच उपायही आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस आठ-दहा वेळा खुर्चीतून उठणे-बसणे, थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा तितकेच. ओट्याला धरून टाचा उचलणे. कठडा धरून एक पायरी चढणे-उतरणे. आधार हाताशी ठेवून एका पायावर उभे राहणे. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. सोपे वाटू लागले की वाढवावे, कारण वाढवल्यावाचून बळ वाढत नाही. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चक्कर येणे किंवा आधीचा अस्थिभंग असेल, तर डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. ह्या व्यायामासाठी ना साधने लागतात, ना पैसा. लागतो तो नियम.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. स्नायू प्रथिनांचे बनतात, आणि वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत असे तज्ज्ञ सुचवतात. घरातील वृद्धेचे ताट पाहिले तर त्यात भाकरीचा चतकोर, आमटीचे पातळ पाणी आणि वेळी-अवेळी चहा एवढेच असते. शिवाय आठवड्याचे वार आणि एकादशी. या दुधाच्या मुलखात तिच्या वाटणीला दूध येते ते चहातले. मटकी, हुलगे, हरभरा, शेंगदाणे, दही आणि खाणाऱ्यांसाठी अंडी ही काही श्रीमंतांची अन्ने नव्हेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रमाण ठरवावे.

सरकारने काय विचारावे

शासन वृद्धांकडे अगदीच पाठ फिरवून बसले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली ६५ वर्षांवरील गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा यांसारख्या साधनांसाठी तीन हजार रुपये देण्याचे ठरले. केंद्राचा वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१०-११ पासून आहे. या योजना उपयोगी आहेत. पण त्यांचा रोख गेलेल्या शक्तीची भरपाई करण्याकडे आहे, असलेली शक्ती टिकवण्याकडे नाही. एस. टी.चे तिकीट माफ झाले, तरी तिची उंच पायरी माफ झालेली नाही. ती चढता न आल्याने विनामूल्य प्रवासाला मुकणारी माणसे प्रत्येक स्थानकावर दिसतात. काठीसाठी पैसे मिळतात. काठी लागू नये म्हणून काय करावे हे सांगायला कोणी येत नाही.

दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे काय, एवढेच सरकार त्यातून विचारते. त्याच वेळी, किंवा आशा सेविकेच्या वार्षिक भेटीत, ‘खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येते’ ही एक नोंद घेतली गेली, तर कोणत्या गावात कोण पडण्याच्या बेतात आहे याचा पत्ता आधी लागेल. त्यासाठी यंत्र नको, औषध नको. एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरे. ज्यांची मोजणी कमी भरेल त्यांना व्यायाम शिकवण्यासाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञ असणे आवश्यक आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णालाही त्याचाच आधार आहे. गावोगाव बगीच्यांत उभारलेल्या खुल्या व्यायामशाळांवर खर्च झाला तो वाया जाऊ द्यावयाचा नसेल, तर त्या साधनांशेजारी शिकवणारा माणूस उभा करावयास हवा. शाळांची मैदाने संध्याकाळी रिकामी असतात आणि शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांत व्याख्याने होतात, वाढदिवस साजरे होतात. त्या सभेची पहिली वीस मिनिटे उभ्याने घालवली, तर व्याख्यानही अधिक लक्षपूर्वक ऐकले जाईल.

परंतु सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण या कामाची खरी जागा घर आहे. सुटीत घरी आलेला विद्यार्थी आजीला खुर्चीवर बसवून तिच्या उठण्याची मोजणी करू शकतो आणि दिवाळीत केलेली मोजणी मे महिन्यात पुन्हा करून पाहू शकतो. चाळिशीतील शिक्षक आणि लिपिक यांनी आई-वडिलांबरोबर स्वतःचीही मोजणी करावी. ऱ्हास त्यांच्यापासूनही सुरू झालेलाच आहे. सुनेने सासूला पाण्याचा तांब्या हातात आणून देण्याऐवजी तिच्याबरोबर उठून माठापर्यंत जावे. यात मान कमी होतो असे वाटण्याचे कारण नाही. वृद्धाला बसवणे ही मान देण्याची एक रीत झाली. त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहू देणे ही तिच्याहून मोठी रीत आहे.

मुलाला म्हातारपणाची काठी म्हणणाऱ्या पिढीला ती काठी दूर गेल्याचे दुःख आहे आणि ते समजण्यासारखे आहे. पण निसर्गाने प्रत्येकाला दिलेल्या पहिल्या दोन काठ्या अजून त्याच्यापाशीच आहेत. त्या दुर्लक्षाने झिजतात आणि वापराने टणक होतात. त्यांची आठवण माणूस पडल्यावर रुग्णालयाच्या दारात होण्यापेक्षा आज घरातल्या खुर्चीपाशी झाली, तर मोरीतील फरशीला दोष देण्याची वेळ पुष्कळ घरांवर येणार नाही.